अण्णा, तू थांबलास कशाला म्हणतात

अण्णा,

तुझ्या तेराव्याला जेवून गेलेली माणसं मला काय विचारून गेली, सांगू? "मास्तर थांबले कशाला हो?" हात धुताना विचारलं, सुपारी कातरताना विचारलं, चपला शोधताना विचारलं. तुला मागून ठोकणाऱ्या टेम्पोला ब्रेक होता का न्हाय, हे एकानंही विचारलं न्हाय. ड्रायव्हरचे डोळे कुठं होते, हे विचारलं न्हाय. चौकशी सगळी तुझी. डावीकडं वळायचं होतं, डावीकडचं तर फ्रीच असतंय, मग हा माणूस स्कूटर घेऊन सिग्नलला उभा राहिलाच कशाला? ऐकणाऱ्याला वाटावं, तूच उलटा जाऊन त्या टेम्पोला धडकलास.

हिंडलग्याच्या त्या लांबच्या मावशीनं तर कहर केला. वाटीत खीर घेत म्हणाली, "नशिबात होतं बघ. न्हायतर लेफ्टला कोण थांबतंय?" मी म्हणाले, "मावशी, खीर प्या आणि गप्प बसा." वहिनीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मला वाटलं रागवली. रागवू दे. मला त्या दिवशी कुणाचीच पर्वा नव्हती.

तुझ्या या धाकट्या बहिणीनं निपाणीच्या शाळेत जन्मभर पोरांना शुद्ध लिहायला शिकवलं. आज मला ते जमणार न्हाय. शालीला राग आला की तिची शाळा सुटती आणि आईची भाषा सुरू होती, असं तूच म्हणायचास.

झालं कसं ते मला चौकात चहाचा गाडा लावणाऱ्यानं, घरी भेटायला आला तेव्हा, सांगितलं. त्यानं डोळ्यांनी बघितलं. तू बाजारातून घरी येत होतास. लाल लागला. तू डाव्या अंगाला स्कूटर थांबवलीस, फुटपाथच्या कडेला पाय टेकवलास, रोजच्यासारखा. मागून दुधाचा टेम्पो आला. त्यालाही डावीकडंच वळायचं होतं. पुढचा म्हातारा जाणारच, असं तो धरून चाललेला. वेग कमी केलाच न्हाय. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ड्रायव्हर कोगनोळीकडचा, रोज कोल्हापूरला जाणारा-येणारा. पोलिसांना म्हणाला, "तिकडं सगळेच जात्यात लेफ्टला. म्हातारा अचानक थांबला." अचानक! अरे, तू त्या चौकात इतकी वर्षं थांबत आलास की चहाच्या गाड्याखाली झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं, मास्तर आता थांबणार. टेम्पोवाल्याला तेवढं अचानक.

मला तुझा थांबण्याचा नाद काय नवा न्हाय. मी निपाणीहून एसटीनं आले की तू स्टँडवर स्कूटर घेऊन यायचास. मी मागं बसायचे, मांडीवर पिशवी. चौक आला, लाल लागला, की ठरलेलं. तू थांबणार, आणि मागचे बोंबलणार. "ओ काका, जावा की! लेफ्ट फ्री हाय!" मी पदरानं तोंड झाकायचे. आणि तू? तू सीटवर अख्खा मागं वळायचास, चष्मा नाकावर आणायचास, आणि फळ्याकडं दाखवावं तसं दिव्याकडं बोट करायचास.

"त्यो रंग कुठला?"

"लाल. पण लेफ्टला..."

"मी पोरांना चित्रकला शिकवली. लाल रंगाला डावं-उजवं असतंय असं मला तर कुणी सांगितलेलं न्हाय."

मी मागून तुझा शर्ट ओढायचे. "अण्णा, चल की रं बाबा! लोक शिव्या घालत्यात."

"घालू देत. शिव्यांनी स्कूटर पुढं जात न्हाय गं शाले."

घरी आल्यावर पुन्हा भांडण. मी म्हणायचे, सगळं गाव जातंय तर तूच एक शहाणा का? मग तू शांतपणे, त्याचाच मला जास्त संताप यायचा, शांतपणे समजावायचास. जिथं फ्री लेफ्टची पाटी असेल किंवा हिरवा बाण असेल, तिथंच लालवर डावीकडं जायचं. काहीच नसेल तर थांबायचं. "आपल्या लोकांनी उलटं करून ठेवलंय. जिथं काय लिहिलेलं न्हाय, तिथं सगळं आपल्या बापाचं." आणि मग ते शाळेच्या पोरांचं सांगायचास. आपला दिवा लाल असतो तेव्हा चालणाऱ्यांची पाळी असते. शाळा सुटली की पोरं त्याच कोपऱ्यावरून रस्ता ओलांडतात, दप्तरं सांभाळत, एकमेकांना ढकलत. गाड्या डावीकडं वळतात त्या बरोबर त्यांच्या अंगावर. "वर्गात मी त्येंना म्हणतोय, पाळी आल्यावर जावा. आणि रस्त्यावर त्येंच्याच पाळीत मी गाडी घालू व्हय?"

मग मी विषय बदलायचे आणि तुझ्या शर्टाच्या कॉलरवर घसरायचे.

आणि ते कोल्हापूरचं लग्न! तुझा प्रसाद पुण्याहून नवी गाडी घेऊन आला होता. तो चालवत होता, तू शेजारी, मी आणि वहिनी मागं. कोगनोळीचा नाका ओलांडला तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, महाराष्ट्र लागला. आता तरी सोड." तू म्हणालास, "ह्यो भाग इकडचा का तिकडचा, ह्यावर आपला जन्म गेला भांडण्यात. कायदा दिल्लीचा हाय, दिवा दोन्हीकडं लालच लागतोय. तेवढं तरी एक मिळालंय तर ते कशाला मोडायचं?" प्रसाद हसला. पण कोल्हापुरात पहिल्याच सिग्नलला त्यानं लालवर गाडी डावीकडं घातली, आणि तू हँडब्रेक ओढलास! माझ्या मांडीवर रुखवताचं ताट होतं. लाडू पार डॅशबोर्डापर्यंत घरंगळत गेले. वहिनी वाकून एकेक लाडू वेचत बसली.

"बाबा, गाडी मी चालवतोय!" प्रसाद ओरडला.

"मग चालव की. वळवू नको."

मी त्या अख्ख्या लग्नात तुझ्याशी बोलले न्हाय. अक्षतासुद्धा लांब उभी राहून टाकल्या. आता ते लाडू आठवले की हसू येतं, आणि हसता हसता स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी वाजवावी लागतात.

मला स्कूटर तूच शिकवलीस. हिंडलग्याच्या रस्त्याला, सकाळच्या पारी, लग्न झालेल्या बहिणीच्या मागं धावत. बघणारे हसत होते. "पडलीस तर उचलीन, लालवर गेलीस तर उतरवीन," म्हणालास. आमच्या ह्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं, आणि ह्यांना तू काय बोललास ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं न्हाय. पण दुसऱ्या महिन्यात दारात माझ्या नावाची गाडी उभी राहिली. निपाणीत मी शाळेला, बाजाराला, दवाखान्याला कुणाच्या तोंडाकडं न बघता गेले, ते तुझ्यामुळं. हे कधी तुला म्हणाले न्हाय. भावाला असलं कोण म्हणतंय? पण राहिलंय खरं, आणि आता ते घेऊन कुठं जाऊ?

आता तुझ्यावरचा राग. तो पण ऐकून घे, मेलास म्हणून सुटलास असं समजू नको.

तुझ्या स्कूटरचा उजवा आरसा फुटून किती दिवस झाले होते? मी नवा आणून दिला. तू कागदात गुंडाळलेला तसाच माळ्यावर ठेवलास. का, तर "मागचा मला बघतोय की. मागच्यानं पुढं बघायचं, असा नियम हाय." असेल नियम! मागच्याला नियम माहीत हाय का, हे बघायला तरी आरसा लागतो का न्हाय? तू बरोबर होतास, कबूल. पण बरोबर असलेल्या माणसाच्या पाठीला काय लोखंड लावलेलं असतंय? चहावाला सांगत होता, टेम्पोनं लांबून हॉर्न दिला होता. तू ऐकलास आणि हलला न्हायस. तुला वाटलं, नेहमीचाच कुणीतरी बोंबलतोय. एकदा, फक्त एकदा, मागं बघितलं असतंस तर फुटपाथवर चढला असतास. या मुद्द्यावर मी तुझ्याशी शंभर वर्षं भांडले असते.

पण हे भांडण माझं आणि तुझं. घरातलं. ह्या बाहेरच्यांना ते करायचा काय अधिकार?

तेराव्याच्या संध्याकाळी बाळू आला. तुझाच विद्यार्थी, गल्लीतल्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. पुढच्या निवडणुकीत उभा राहायच्या तयारीत असलेला. तुला खांदा द्यायला तो सगळ्यात पुढं होता, रडलाही खरा रडला, ते मी नाकारत न्हाय. टेम्पोचा मालक त्याच्या मेव्हण्याच्या गावचा निघाला. बाळू प्रसादला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, मिटवून टाकूया. एक कागद करू. तुम्ही आणि काकूंनी सही केली की झालं. उद्या दुपारी घेऊन येतो." कागदात काय, तर मास्तरांनी काही कारण नसताना अचानक गाडी थांबवली, त्यामुळं अपघात झाला, आमची कुणाविरुद्ध तक्रार न्हाय.

काही कारण नसताना! मी आतून ऐकत होते. हातातलं तांब्या-भांडं आदळून बाहेर आले. बाळू तोवर गेला होता. प्रसादला म्हणाले, "तू ह्यावर सही करणार?"

तो खाली बघत म्हणाला, "आत्या, मी पुण्याहून किती तारखांना येणार? आईनं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का? आणि एक सांगू? रागवू नको. बाबांनी थांबायला नकोच होतं."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मुंडण केलेलं डोकं, जागरणानं तांबारलेले डोळे, म्हणून हात आवरला. पोरगं वाईट न्हाय तुझं. पण लोकांनी तेरा दिवस कानात तेच ओतलं, आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. बघ, असं असतंय. माणूस एकदा मरतो, आणि मग लोक बसून ठरवतात तो कसा मूर्खासारखा मेला. उद्या त्याखाली त्याच्या बायको-मुलाची सही झाली की संपलं. मग नातवंडांना पण तेच सांगायचं, तुमचे आजोबा उगीच रस्त्यात थांबले आणि गेले.

रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी उठून म्हटलं, चौकात तरी जाऊन येते, जिथं पडलास ती जागा बघते. इतके दिवस धीर झाला नव्हता.

गेले, आणि वर बघितलं, तर सिग्नलच्या खांबाला तू! भावपूर्ण श्रद्धांजली. डोक्याला फेटा, तुझ्या निरोप समारंभातला फोटो. खाली शोकाकुल म्हणून मंडळाची सगळी नावं, आणि बाजूला हात जोडलेला बाळू, तुझ्यापेक्षा दुप्पट मोठा. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. मग मी नीट बघितलं, फ्लेक्स कशावर बांधलाय ते. आणि मग जो राग आला, अण्णा, तो अजून उतरलेला न्हाय.

तुझ्या पाटीवर. तुझ्याच पाटीवर बांधला होता!

ती पाटी तिथं लागावी म्हणून तू किती हेलपाटे घातलेस! अर्ज कन्नडमध्ये लिहायचास, तुझं कन्नड माझ्या मराठीइतकं चांगलं. लोक तुला म्हणायचे, मराठी माणूस असून कन्नडमध्ये अर्ज करतोस? तू म्हणायचास, "मला पाटी पाहिजे हाय, भाषण न्हाय." शेवटी लागली. लाल असताना डावीकडं वळू नये, कन्नडमध्ये आणि इंग्लिशमध्ये. झालं, आता आपले लोक थांबतील असं तुला वाटलं. तर आपले लोक काय म्हणायला लागले? "आम्हांला कन्नड वाचता येत न्हाय." दिवसभर बाजारात कन्नडमध्ये घासाघीस करणारे, कचेरीत कन्नड बोलणारे, पाटीपुढं आले की एकदम अडाणी! मग तू घरून रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेलास, आणि पाटीखालच्या कोऱ्या पट्टीवर स्वतःच्या हातानं मराठीत रंगवलंस: डावीकडे वळणाऱ्यांनीही थांबावे. चौकातला ट्रॅफिक हवालदार विजापूरकडचा, त्याला मराठीचं अक्षर येत न्हाय, आणि तो तुझं स्टूल धरून उभा होता. ते मला तू फोनवर सांगितलंस तेव्हा किती खूश होतास!

त्याच पाटीवर आधी बाळूच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. तू गेलास त्या दिवशीही तोच होता, चहावाल्यानं सांगितलं. वाढदिवसाचा उतरवला, त्याच तारेनं तुझा बांधला. कुणाच्या डोक्यातही आलं न्हाय. चौकात मोक्याची जागा ती, सगळ्यांना दिसते, म्हणून वाढदिवस तिथं आणि मयतही तिथंच.

मी घरी गेले, वहिनीच्या कपाटातून पक्कड घेतली, परत आले, चहावाल्याचं स्टूल घेतलं आणि चढले. या वयात, नऊवारी नसली तरी साडीत. गाड्या थांबून बघायला लागल्या. मजा बघ, लालवर न थांबणारे तमाशाला बरोबर थांबतात.

हवालदार धावत आला. "एन माडाकत्तीरी अक्कार?" काय करताय म्हणून.

मी कन्नडमध्येच सांगितलं, मी मास्तरांची बहीण, माझ्या भावाचा फोटो खाली घेतेय. तो पुढं झाला आणि स्टूल धरलं. तार गंजलेली होती, हाताला लागली, रक्त आलं. वरचं टोक सुटलं आणि फ्लेक्स माझ्या खांद्यावर कोसळला. आणि समोर तुझं अक्षर. पिवळ्यावर काळं, ठळक, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचास तसंच. 'थांबावे'चा काना थोडा लांब गेलेला. मी त्यावर हात ठेवला आणि भर चौकात, स्टुलावर उभी राहून, मोठ्यानं रडले. जाळताना पण मी अशी रडले नव्हते.

कुणीतरी फोन केला असणार. बाळू मोटारसायकलवरून आला. "आक्का, काय करताय हे! मास्तरांचा फोटो हाय त्यो! लोक काय म्हणतील?"

"तुझा पण हाय की. अण्णापेक्षा मोठा हाय."

"आक्का, श्रद्धेनं लावलंय आम्ही."

"श्रद्धा असंल रं. पण ती पाटी झाकून कशाला? ज्याच्यासाठी त्यानं चपला झिजवल्या, तेच झाकून त्याला हार घालतोस व्हय?"

त्यानं पाटीकडं बघितलं. खरं सांगते, त्यानं ती पाटी आयुष्यात पहिल्यांदा वाचली असंल. चेहरा उतरला त्याचा. मग हळूच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी माझ्या फ्लेक्समुळं टेम्पोवाल्याला पाटी दिसली न्हाय, असं म्हणताय? माझ्या अंगावर घालताय?"

"पाटी दिसली न्हाय, मान्य. दिवा दिसत होता का न्हाय? दिवा झाकंल एवढा मोठा वाढदिवस अजून तुझाबी झालेला न्हाय, बाळू."

चहावाला फस्सकन हसला. बाळू लाल झाला. फ्लेक्सची गुंडाळी करून मी ती त्याच्या मोटारसायकलवर ठेवली, नीट, तुझा चेहरा आत करून. म्हणाले, "मंडळाच्या भिंतीवर लाव. तिथं तुझा फोटो काढून याचा एकट्याचा लाव, मी हार घेऊन येईन."

मला वाटलं, आता तो कागद घेऊन येणार न्हाय. कसला! दुपारी बरोबर आला. बरोबर टेम्पोचा मालक, आणि आणखी दोघं शहाणे, मध्यस्थ म्हणून. व्हरांड्यात खुर्च्यांवर बसले. बाळू माझ्या नजरेला नजर देत नव्हता, पण शब्द दिलेला, काय करणार? मालक सारखा हात जोडत होता. "गरिबाचं पोट हाय हो ड्रायव्हरचं." त्याचं पोट खरं असेल, मी न्हाय म्हणत न्हाय. मग ड्रायव्हरनं स्वतः येऊन वहिनीसमोर उभं राहायचं होतं, माझं चुकलं म्हणायचं होतं. मी त्याला खीर वाढली असती. पण चूक तुझ्या नावावर लिहून माफी आम्ही द्यायची, हा कुठला हिशेब?

मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रसादनं हात वर केला. "आत्या, तू गप बस. आई काय म्हणती ते बघू." कागद घेऊन तो आत गेला. मी मागोमाग. वहिनी देवघराच्या उंबऱ्याशी बसली होती, भिंतीला पाठ लावून, तेरा दिवस तशीच बसलीय. प्रसादनं सगळा कागद वाचून दाखवला. त्याचा आवाज मध्येच चिरकत होता. वाचून झाल्यावर पेन पुढं केलं.

वहिनीनं पेन घेतलं न्हाय.

"काही कारण नसताना, असं हाय त्यात?" तिनं विचारलं.

"आई, ते लिहायची पद्धत असती गं."

"दिवा लाल होता न्हवं?"

"होता."

"मग त्ये कारण न्हाय?"

प्रसादनं पुढं केलेलं पेन मागं घेतलं.

वहिनी मग बोलायला लागली. आपली खानापूरची, चार माणसांत मान वर न करणारी वहिनी. "तुम्ही सगळे त्येंच्याशी भांडलात. शालूताई भांडली, तू भांडलास. मला कुणी विचारलं न्हाय. त्येंच्या मागं जन्मभर कोण बसत होतं? मी. हॉर्न त्येंच्या पाठीत न्हवता वाजत रं, माझ्या पाठीत वाजायचा. शिव्या आधी मला ऐकू यायच्या. भ्या वाटायचं, लई भ्या वाटायचं. एकदा पण 'चला' म्हणाले न्हाय मी. त्येंचं बरोबर हाय, मला ठाऊक होतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्या दिवशी गुडघा धरला म्हणून बाजाराला गेले न्हाय. न्हायतर मीबी मागंच होते. मग माझ्याबी कागदावर असंच लिहिलं असतंस? आई काही कारण नसताना बसली होती म्हणून?"

अण्णा, तुझ्या-माझ्या भांडणात आपण दोघंही किती मोठ्यानं ओरडायचो. तुझ्या पाठीला टेकून बसलेल्या बाईला भीती वाटते हे तुला तरी माहीत होतं का रं? मला नव्हतं. तू तुझ्या नियमाचा, मी माझ्या लाजेची. आणि ती बिचारी दोन्ही हातांनी सीट धरून, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीपुढं, तुझ्या बाजूनं बसलेली.

प्रसाद तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तुला नेल्यापासून पहिल्यांदा. तिनं त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "जा. त्येंना सांग."

तो उठला. तोंड धुतलं न्हाय, तसाच बाहेर गेला. मी दारात उभी होते. कागद त्यानं टेम्पो-मालकाच्या हातात परत दिला, पेन स्वतःच्या खिशात घातलं. म्हणाला, "बाबा लाल होता म्हणून थांबले. एवढंच लिहा, मग सही करतो. तारखेला मी येतो पुण्याहून." मध्यस्थांतला एक जण काहीतरी समजावायला लागला. प्रसाद म्हणाला, "या आता." आणि फाटक उघडून धरलं.

आत गॅसवर मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळून आटत होतं. मी ते बंद केलं. अण्णा, तुझ्या घरातून माणसं बिनचहाची गेली, पहिल्यांदाच.